कलपशास्त्र प्रवेशिका : सातारा-सांगली आवृत्ती

केस सगळ्यांचेच पांढरे होतात. ही बातमी ज्यांना आरशाच्या आधी दुसऱ्याच्या तोंडून कळली, त्यांच्यासाठी ही प्रवेशिका आहे. साताऱ्यात बातमी देण्याची रीत थेट. राजवाड्यापाशी भर चौपाटीवर कुणीतरी हाक मारतं, "काय आबा, लई पिकलं की रान!" सांगलीत जरा आडवळण घेतात. विश्रामबागेत फिरायला आलेला शाळासोबती काळजीच्या सुरात विचारतो, "झोप लागत नाही का रे हल्ली?" अर्थ एकच. माणूस घरी येतो आणि सगळे झोपल्यावर मोबाईलची बॅटरी लावून कानशिलं तपासतो.

पुढे तुळशीचं लग्न लागतं, कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, आणि पत्रिकांच्या ढिगाकडे बघत तो ठरवतो की यंदा केस रंगवायचे. घरच्या घरी, गुपचूप, आणि सलूनसारखे. या तीन अटी एका वेळी पूर्ण होत नाहीत. दोन होतात. कोणत्या दोन, ते ओघात येईलच.

पहिली पायरी, माल ओळखणे. किराणा दुकानात दोरीला लटकणारी पुडी, जत्रेत मिळणारी काळी मेंदी आणि पार्लरच्या कपाटातली नक्षीदार ट्यूब ही दिसायला वेगळी असली तरी बहुतेक वेळा एकाच कुळातली असतात. त्या कुळाचा मूळ पुरुष पॅराफेनिलिनडायअमिन, घरगुती नाव पीपीडी. तो स्वतः काळा नसतो. अमोनिया केसावरची खवली फुगवून वाट करून देतो, पीपीडी आत शिरतो, तिथे त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडते आणि त्याचे मोठाले रंगीत रेणू बनतात. आले त्या वाटेने त्यांना परत जाता येत नाही, म्हणून रंग टिकतो. याच पेरॉक्साइडने केसाचा मूळचा रंगही थोडा उडवलेला असतो. युजीन श्यूलर नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये असे कृत्रिम केशरंग तयार करून पॅरिसच्या केशभूषाकारांना विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच आजची लॉरिआल. कंपनीच्या पहिल्या लांबलचक नावात 'निरुपद्रवी' हा शब्द होता. दुकानदार न विचारता "माल ताजा आहे" म्हणाला की आपण जसे सावध होतो, तसंच इथेही व्हावं.

मग ट्यूब पुडीपेक्षा महाग कशासाठी? पुडीत विचार कंपनीने करून ठेवलेला असतो. पाणी घाला, कालवा, लावा, काळे व्हा. ट्यूबमध्ये छटा बारीक वाटून दिलेल्या असतात, पेरॉक्साइडची बाटली वेगळी असते, तिची ताकद आपण निवडायची, आणि मलम दाट असल्यामुळे ते कानामागून ओघळत नाही. म्हणजे जास्तीचे पैसे निवडीचे आहेत, आणि निवड करायची म्हटली की चुकायची सोयही आलीच.

'अमोनियामुक्त' वाचून हुरळू नका. अमोनियाचं काम तिथे बहुधा मोनोइथॅनॉलअमिन करतं. वास कमी येतो, एवढा शेजाऱ्यांपुरता फायदा. 'हर्बल' वाचून तर मुळीच नको. मेंदीच्या पानातल्या लॉसोन या द्रव्याचा रंग नारिंगी-तांबडा. नुसत्या मेंदीने आजवर कुणी काळं झालेलं नाही. नीळ घातली तर गडद छटा येते, तीही सावकाश. ज्या पाकिटावर हिरवी पानं छापली आहेत आणि ज्यातली मेंदी अर्ध्या तासात डोकं कुळकुळीत करते, त्यात श्रेय पानांचं नाही.

दुसरी पायरी, खरेदी. साताऱ्यात खणआळी आणि मोती चौकाच्या आसपास, सांगलीत मारुती रोडला किंवा हरभट रोडला सौंदर्यप्रसाधनांची दुकानं आहेत. ट्यूबवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' असं छापलेलं असू शकतं. दुकानदार विचारेल, "पार्लर कुठंय तुमचं?" यावर नवशिक्याने "वहिनींचं आहे" म्हणावं. पुढचा प्रश्न "कुठल्या वहिनी?" हा येणारच, कारण गाव लहान आहे. काही जाणकार सुचवतात की सातारकराने सांगलीत आणि सांगलीकराने साताऱ्यात जाऊन माल घ्यावा. कल्पना चांगली, पण दोघं कराडच्या स्टँडवर एकमेकांना भेटतात, आणि दोघांच्याही हातातली पिशवी सारखीच असते.

आता आकडे. ट्यूबवर मोठ्या अक्षरात एक अंक असतो. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिकट तपकिरी, असं चढत चढत १० पर्यंत. टिंबानंतरचा अंक छटेचा: राखाडी, सोनेरी, तांबूस वगैरे. तो कंपनीगणिक बदलू शकतो, त्यामुळे तक्ता मागून घ्या. नवशिक्या हमखास १ उचलतो. त्याच्या मनात त्याचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो असतो. परिणाम असा की पंचावन्न वर्षांच्या चेहऱ्यावर विशीतले केस येऊन बसतात आणि दोघांची एकमेकांशी ओळख नसते. सांगलीला टोपाचं वावडं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने इथेच 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं; दुसऱ्याचे केस डोक्यावर घेऊन लोकांसमोर जाण्याला या गावात मोठी प्रतिष्ठा आहे. पण टोप खेळ संपला की उतरतो. १ नंबर उतरत नाही. ३ घ्या, फार तर ४. लोकांना काहीतरी बदललंय एवढंच कळेल, काय ते सांगता येणार नाही.

पेरॉक्साइडच्या, म्हणजे डेव्हलपरच्या, बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे 'व्हॉल्यूम' लिहिलेले असतात. १० म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. सांगलीकरांना ४० हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. बाटलीवर ४० दिसलं की सांगलीकराने पुराच्या सवयीने वरच्या मजल्यावर निघून जावं. पांढरे केस झाकायला २० पुरतं. जास्त ताकदीने केस जास्त काळे होतात ही समजूत तालमीतली आहे. जास्त ताकद मूळचा रंग उडवायला लागते आणि ती टाळूलाही सोडत नाही.

इथे तरुण वाचकांसाठी थोडं थांबू. कराड, इस्लामपूरच्या कॉलेजांतून जी मंडळी कासच्या पठारावरचा तेरड्याचा फोटो दाखवून "हा रंग पाहिजे" म्हणतात, त्यांनी एक नियम पाठ करावा: रंगाने रंग उतरत नाही. आपल्या काळ्या केसांवर गुलाबी-जांभळं दिसायचं तर आधी ब्लीच करून केस पिवळट होईपर्यंत उतरवावे लागतात, आणि ते काम न्हाणीघरात, यूट्यूब बघत, एका हाताने करण्यातलं नाही. शिवाय काळी मेंदी लावून झालेल्या डोक्यावर ब्लीच पडलं आणि तिच्यात धातूचे क्षार निघाले, तर केस तापतात, तुटतात. सलूनवाल्याने "आधी काय लावलंय?" असं विचारलं की खरं सांगा. तो भोचकपणा नसतो.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुणीच करत नाही. थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि ४८ तास वाट पाहायची. पीपीडीची ॲलर्जी असणाऱ्याला तिथे खाज, लाली, पुरळ येतं. चाचणी न करता थेट डोक्याला लावलं तर पापण्या सुजून डोळे मिटतात, चेहरा फुगतो, क्वचित श्वासालाही त्रास होतो आणि तेव्हा घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठायचा असतो. "वीस वर्षं लावतोय, मला काय होतंय" हा युक्तिवाद इथे चालत नाही. ही ॲलर्जी अनेक वेळा काही न होता लावल्यानंतर एखाद्या वेळी उपटते आणि एकदा आली की जन्माची असते. जत्रेत हातावर काढून घेतलेल्या काळ्या 'मेंदी'च्या नक्षीनेही ती जडू शकते. म्हणजे लहानपणी गोंदल्यासारखा विंचू काढून घेतला, आणि त्याची नांगी चाळिशीत डोक्याला लागली.

४८ तास का जमत नाहीत, हे उघड आहे. कलप लावायचा विचार माणसाच्या मनात हळदीच्या आदल्या रात्री साडेनऊला येतो. लग्न सहा महिने आधी ठरलेलं असतं, बस्ता झालेला असतो, आहेराच्या याद्या दोनदा झालेल्या असतात, आणि केस पांढरे आहेत हा शोध मात्र आदल्या रात्री. अशा वेळी शास्त्राचा निर्णय स्पष्ट आहे: पांढऱ्या केसांनी लग्नाला जा. अल्बममध्ये पांढरे केस खपून जातात. सुजलेले डोळे खपत नाहीत, आणि नवरीकडची मंडळी "यांना रडू आवरत नव्हतं" असं पुढे वर्षानुवर्षं सांगतात.

भुवया आणि पापण्यांना हा रंग लावायचा नाही. त्याने दृष्टी जाऊ शकते, ही सूचना पाकिटावर छापणं आपल्या कायद्याने पीपीडीच्या रंगांना सक्तीचं केलं आहे. अक्षर इतकं बारीक असतं की ज्यांना केस रंगवायची गरज पडते त्यांना चष्म्याशिवाय ते वाचता येत नाही. चष्मा लावून वाचा. मिशीचा प्रश्न सातारा जिल्ह्यात नाजूक आहे, तरी सांगतो: डोक्याची ट्यूब मिशीला नको. ओठावरची कातडी नाजूक असते, आणि रंग तोंडात जातो. दाढी-मिशीसाठी वेगळा माल मिळतो, त्याचीही चाचणी वेगळी करायची. काळं डोकं आणि पांढरी मिशी एकत्र शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोन्ही पांढरी ठेवावीत.

वार कोणता? शनिवारी आणि अमावास्येला केस कापू नयेत हे घरातली थोरली मंडळी सांगतात. रंगवण्याबद्दल त्यांनी काही सांगितलेलं नाही, तेव्हा ही पळवाट उघडी आहे. खरा मुहूर्त नळ काढतो. साताऱ्याला कासचं पाणी येवो नाहीतर कृष्णेचं, ते त्याच्या वेळेला येतं. सांगलीतही पाण्याची वेळ ठरलेली. मिसळलेला रंग मात्र कुणासाठी थांबत नाही. ट्यूब आणि डेव्हलपर एकत्र आले की घड्याळ सुरू होतं. आधी बादल्या भरून घ्या, मग ट्यूब उघडा. डोक्यावर रंग आणि टाकीत खडखडाट ही अवस्था ज्याने पाहिली आहे तो शेजाऱ्यांशी पुढे कायम गोड बोलतो.

साहित्य फार लागत नाही. प्लास्टिकची किंवा काचेची वाटी. तांब्या-पितळेची नको, धातूमुळे पेरॉक्साइड लवकर विघटित होतं. ब्रश, हातमोजे, कपाळाच्या कडेला आणि कानांना लावायला व्हॅसलीन. जुना टॉवेल, जो घरात सगळ्यांच्या मते दुसऱ्याचा असतो. अंगात बटणांचा शर्ट घाला. बनियन किंवा टी-शर्ट डोक्यावरून काढताना काय होतं, ते एकदा विचार करून बघा. केस आदल्या दिवशी धुतलेले आणि कोरडे असावेत. खोबरेल चोपडलेलं नको.

आता मुख्य अवयव: मागचं डोकं. ते आपल्याला दिसत नाही, लोकांना मात्र तेच दिसतं. कार्यालयात आपण पुढच्या रांगेत बसतो आणि मागे दोनशे माणसं आपल्या टाळूच्या मागल्या बाजूचा अभ्यास करत जेवणाची वाट बघतात. दोन आरसे घेऊन लावायचा प्रयत्न करू नका, हात नेमका उलटीकडे जातो. सलूनचा दर्जा ट्यूबमध्ये असतो असं आपल्याला वाटतं. तो मुख्यतः खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसात असतो. त्याला आपलं मागचं डोकं दिसतं, आणि ते बघून पांढरं कुठे जास्त आहे, टाळू कुठे लाल झालीय, हे तो ठरवत असतो. तेवढा एक माणूस घरात मिळवला की निम्म्याहून अधिक काम झालं.

गुपचूप ही अट इथे गळते. पुरुष ती सोडायला तयार नसतात, म्हणून ते न्हाणीघराला कडी लावून रंगवतात आणि मानेवर पांढरा पट्टा घेऊन बाहेर येतात. बायकांचं काम त्यांच्यापेक्षा कायम चांगलं होतं, कारण दुपारी शेजारच्या काकू येतात, आज हिचं आणि पुढच्या आठवड्यात तिचं, भांग पाडून पाडून, गप्पा मारत मारत. लपवायचंच नाही म्हटल्यावर नीट लावता येतं. पुरुषांनीही धीर करून हाक मारावी.

"अगं, मागं जरा बघतेस का?"

"बघितलं. कुठं लावू?"

"जिथं पांढरं दिसतंय तिथं."

"मग अजून एक ट्यूब आणा, अहो."

प्रमाण पाकिटात लिहिलेलं असतं, एकास एक किंवा एकास दीड. अंदाजाने ओतू नका, हे कालवण नव्हे. केसांचे चार भाग करा. जिथे पांढरे जास्त तिथून, म्हणजे बहुधा कानशिलांपासून आणि भांगापासून सुरुवात करा. पांढरा केस चिवट असतो, त्याला वेळ जास्त द्यावा लागतो. बारीक बट घ्या, मुळाशी लावा, पुढची बट. घड्याळ रंग लावायला सुरुवात केल्यावर लावू नका, रंग लावून संपल्यावर लावा. बहुतेक ट्यूबना अर्धा तास, थोडं पुढे-मागे लागतं. तुमच्या पाकिटात जे लिहिलंय तेच खरं. आणि दुसऱ्या खेपेपासून फक्त मुळं रंगवायची. दर वेळी टोकांपर्यंत लावत गेलं की टोकं शाईत बुडवल्यासारखी होतात.

मग तो अर्धा तास. याच अर्ध्या तासात दाराची बेल वाजते, हे विज्ञानाने अजून मान्य केलेलं नसलं तरी सर्वानुभव तोच आहे. गॅसवाला चालतो. कुरिअरवाला चालतो. आत्या चालत नाहीत. आत्या आल्या तर आत लपू नका, त्या चहा घेतल्याशिवाय जात नाहीत आणि तोवर रंगाची वेळ उलटते. सरळ बाहेर या. पहिल्यांदा त्या "अगंबाई" म्हणतील. दुसरं वाक्य "कुठला नंबर घेतलास?" हे असेल, आणि मग लक्षात येईल की या घरात गुपित एकट्या तुमचंच नव्हतं.

धुताना आधी थोडंसंच पाणी घेऊन रंग डोक्यावरच चोळा. त्या फेसाने कपाळाच्या कडेचे डागही सुटतात. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत कोमट किंवा गार पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, तेव्हा शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा ठेवा. न्हाणीघराची फरशी लगेच धुऊन घ्या. पांढऱ्या फरशीच्या सांध्यात बसलेला ३ नंबर केसांपेक्षा जास्त टिकतो. पहिल्या दोन-तीन रात्री उशीला जुना अभ्रा.

दुसऱ्या दिवशी गावात निघा. सांगलीत लोक म्हणतील, "बारीक झालास का रे?" तो होकार समजावा. साताऱ्यात चौपाटीवर तीच हाक येईल, "आबा, कंचं लावलं? आमालाबी सांगा की." सांगा. नंबर सांगा, व्हॉल्यूम सांगा, आणि ४८ तासांची गोष्ट आवर्जून सांगा.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार-पाच आठवड्यांत भांगात पांढरी रेघ परत दिसेल. तेव्हासाठी न मिसळलेली ट्यूब टोपण घट्ट लावून ठेवा. मिसळून उरलेला रंग मात्र बाटलीत बंद करून ठेवू नका. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटू शकते. तो त्याच दिवशी टाकून द्या.